तो रंग खुशीचा नव्हता

मी बोलतेय ती बाभळीवरून. तिसऱ्या फांदीवर, काट्यांच्या आत बघा. दिसले? नाही ना? मग राहू द्या, नुसतं ऐका.

मी घोयरा. कुणी मला सरडगुहिरा म्हणतं, कुणी गिरगिट. आहे मी मादी, पण आमच्या जातीला नावच पुरुषी पडलंय. ठेवताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. अंगानं वीतभर, शेपूट वेगळी. पायाची बोटं चिमट्यासारखी. डोळे दोन, आणि दोघांची मर्जी वेगळी: एक पुढं बघत असला की दुसरा खुशाल मागं बघतो. जीभ अंगापेक्षा लांब आहे, कबूल. पण ती मी टोळ धरायला बाहेर काढते, दुसऱ्याच्या घरातली भांडणं चघळायला नाही.

तुम्हा माणसांचं माझ्याबद्दल काही बरं मत नाही, हे मला ठाऊक आहे. हिंदू असो, मुसलमान असो, मला पाहिलं की तुमच्यात ताबडतोब एकोपा होतो आणि दोघंही दगड शोधायला वाकता. वर म्हणता काय, तर अमका सरड्यासारखा रंग बदलतो! अहो, तो अमका रंग बदलतो खोटं लपवायला. मी बदलते ते खरं सांगायला. ऊन खाऊन सुखात असले की मी हिरवी असते, गारठले की मळकट, आणि राग आला की काळी. पोटात एक आणि ओठांत एक हे आम्हाला जमतच नाही. तेव्हा ती म्हण मागं घ्या, नाहीतर निदान मला ऐकू येईल अशी म्हणू नका.

माझा जन्म दिंद्रुडच्या शिवारात, आसारामच्या वावराच्या बांधावर. मातीतून वर आलो तेव्हा आम्ही वीसेक भावंडं होतो. एकमेकांकडं एकदा बघितलं आणि वीस जण वीस वाटांनी गेलो. कुणी रडलं नाही, कुणी वाटणीवरून डोकी फोडली नाहीत. आमच्यात एकच कायदा: एका झाडावर एक घोयरा. दुसरा दिसला तर अंग फुगवायचं, जबडा उघडून फुसकारायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर चावायचं. बहुतेक वेळा फुसकारण्यावर भागतं. ज्याला जायचं तो जातो, शिवार मोठं आहे.

हा कायदा वर्षातून एकदा दोन-चार दिवस मोडतो. मी सांगतेय त्या साली भादव्यात माझ्या बाभळीवर एक नर आला. त्याचं माझं जमलं. मग मी काळी झाले आणि अंगभर पिवळे ठिपके उमटवले. आमच्यात त्याचा अर्थ सरळ आहे: पोटात अंडी धरलीत, आता तू नीघ. तो निघाला. ना पंचायत बसली, ना काडीमोड झाला.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. दिवाळीच्या सुमारास बांधावरची ओलसर माती, आणि आजूबाजूला दुसरं कुणी नाही. आमच्यातली मादी तेवढ्यासाठी झाड सोडून खाली उतरते, खड्डा खणते, अंडी पुरते आणि वर निघून जाते. जिला माती मिळत नाही तिची अंडी पोटातच अडकतात आणि ती मरते. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्हाला नव्हतं.

झालं काय, आसाराम कुंपणासाठी काटे तोडायला आला आणि त्याच्या कोयत्यानं नेमकी माझीच फांदी तोडली. फांदीबरोबर मीही खाली आले. रीतीप्रमाणं त्यानं दगड उचलला. मग का कोण जाणे, थांबला. डोक्याचा पटका सोडला, मला त्यात गुंडाळलं आणि थेट गावात ख्वाजा रंगाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवलं.

"ख्वाजाभाई, हे बघ काय गावलंय," तो म्हणाला. "ठेचणार व्हतो, पर म्हणलं तुला रंगाचा लई नाद हाय, तुला दावावं."

ख्वाजाचं घर ओढ्याच्या काठाला. अंगणात रंगाचे रांजण, दोरीवर ओली लुगडी आणि पटके, आणि ख्वाजाचे हात कोपरापर्यंत निळे. त्या दिवसांत बिचारा अडचणीत होता. तिकडं जर्मनीशी लढाई जुंपली होती आणि इकडं दिंद्रुडात तिथूनच येणारे पुडीचे विलायती रंग बंद झाले होते. बापानं शिकवलेले सालींचे आणि फुलांचे रंग त्यानं पुडीच्या नादात निम्मे विसरून टाकले होते. आता तो पानं, पिसं, किडे, जे दिसेल ते हातात घेऊन बघत बसायचा, कुठून काही सुचतंय का म्हणून. त्यामुळं त्या घरात मला दगडाऐवजी पिंजरा मिळाला. बुरुडानं कोंबड्यांसाठी विणलेला कामट्यांचा मोठा पिंजरा होता. त्यात एक बाभळीची फांदी रोवली, तळाला कामट्यांचीच जाळी, आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी.

त्या घरात माणसं तीन. ख्वाजा, त्याची आई अजमतबी, आणि धाकटी बहीण गौसिया. आपसात ती दखनी बोलत आणि गावाशी मराठी. मला दोन्ही सारख्याच, म्हणून मी सगळं एकाच भाषेत सांगते. गौसियाला परळीला दिली होती, पाशा नावाच्या सीताफळवाल्याला. पाशानं दुसरा निकाह केला आणि नवी बायको त्याच खोलीत, त्याच चुलीपाशी आणून बसवली. गौसिया सहा महिने तिथं राहिली. मग एक दिवस बोचकं घेऊन भावाच्या दारात उभी राहिली, त्याला आता वर्ष झालं होतं. भाऊ तिला जा म्हणत नव्हता आणि राहा असंही म्हणत नव्हता. ती बांधणीचं काम करायची. म्हणजे कापडाचा मुगाएवढा चिमटा नखानं उचलायचा, दोऱ्यानं घट्ट बांधायचा, मग पुढचा. तिथं रंग पोचत नाही, ठिपका राहतो. दिवसभर ती पिंजऱ्याशेजारी बसून गाठी बांधायची, आणि हात चालू ठेवून डोळ्यांनी मला बघायची.

पहिले चार दिवस बरे गेले. मी हिरवी होते. मग अजमतबीला माझी दया आली.

"एकला जीव हाय, करमत नसंल त्याला," ती म्हणाली. "आसारामला सांग, जोडीदार आण म्हणावं."

तुम्हा माणसांची ही खोड मोठी वाईट. कुणी एकटं बसलेलं तुम्हाला बघवतच नाही. लगेच त्याच्याजवळ सरकता, तब्येत विचारता, आणि त्याला एक जोडीदार आणून देता. ज्याला द्यायचा त्याला हवा आहे का, हे मात्र विचारायचं राहून जातं.

पुढच्या बाजाराला आसारामनं एक दांडगा नर आणला आणि पिंजऱ्यात सोडला. तो फांदीवर दोन पावलं चढला मात्र, मी फुगले. काळी झाले, ठिपके उमटवले, जबडा फाडून फुसकारले. सगळं सांगून झालं. पण त्यानं जायचं कुठं? चहूकडं कामट्या. तो पण फुगला, त्याच्या अंगावर पट्टे चढले. आम्ही दोघं फांदीच्या दोन टोकांना झुलत उभे, आणि ख्वाजा पिंजऱ्यापुढं उकिडवा बसून टाळ्या पिटतोय.

"माशाल्ला! अम्मा, बघ, दोस्ताला बघून कसा सजला! ख्वाजा, रंग म्हणतेत तो ह्याला बे!"

आनंद झाला की तो स्वतःलाच 'बे' म्हणायचा.

आता ख्वाजाला मी दोष देत नाही. म्हणजे देते, पण थोडा. जन्मभर त्याच्या दारात माणसं आली ती लग्नाचं, ईदचं, बारशाचं कापड घेऊन. ज्याच्या घरी मयत झाली तो रंगाऱ्याकडं कशाला येतोय? त्याला कोरं पांढरं लागतं. म्हणून ख्वाजाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की रंग म्हणजे खुशी. राग धरून कुणी रंगतं, भीतीनं कुणी रंगतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं माझ्या त्या काळ्या-पिवळ्याला नाव दिलं, खुशरंग. ते नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी आणखी काळी झाले, आणि तो आणखी खुश झाला!

त्याच आठवड्यात वडवणीच्या केशरबाई देशमुखीण बैलांच्या धमणीत बसून आल्या. लेकीचं लग्न झालेलं, तिची पहिली संक्रांत यायची होती, तिच्यासाठी संक्रांतीचं काळं लुगडं, चंद्रकळा करायची होती. पिंजऱ्यापाशी त्या थबकल्याच.

"अगं बाई! मला अश्शी चंद्रकळा पाहिजे. असंच काळं, अन् असेच पिवळे ठिपके. जमंल का?"

"का न्हाई जमायचं, बाईसाहेब?" ख्वाजा म्हणाला. "नमुनाच घरात हाय."

झालं. त्या दिवसापासून मी जनावर राहिले नाही, नमुना झाले. ख्वाजानं डाळिंबाच्या सालीत लुगडं पिवळं केलं आणि गौसियाकडं गाठी बांधायला दिलं. स्वतः गंजकं लोखंड आणि गूळ एका रांजणात आंबत घातला, काळ्यासाठी. आणि रंग सतत डोळ्यांपुढं राहावा म्हणून आसारामकडून आणखी दोन घोयरे मागवले. जितके जास्त दोस्त, तितकी जास्त खुशी, असा त्याचा हिशेब.

चौघं एका पिंजऱ्यात. ते दिवस मी विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. माझ्यात आणि त्या दांडग्यात मारामारी फार झाली नाही. एकदा त्यानं माझी शेपूट धरली, एकदा मी त्याचा पाय फोडला, बस्स. मारामारी नाही म्हणून तुम्ही म्हणालात, छान राहतात. अहो, दुसरा नुसता डोळ्यांपुढं असणं हीच आमच्यात मारामारी! डोळा मिटला तरी तो तिथंच. घास उचलावा तर तो बघतोय. झोपावं तर फांदी त्याच्या वजनानं हलतेय. ख्वाजा मूठभर टोळ आत सोडायचा, ते सगळे तो दांडगा खायचा. आणि वाटीतलं पाणी आमच्यातलं कुणीच प्यायचं नाही. आम्ही साचलेलं पाणी ओळखतच नाही, आम्हाला पानावरचा थेंब लागतो.

चौथा होता तो लहानगा, यंदाचाच असेल. त्यानं भांडण काढलंच नाही. पहिल्या दिवशीच तळाला जाऊन कोपऱ्यात बसला, मातकट झाला आणि डोळे मिटून घेतले. अजमतबी म्हणायची, "हा लई गरीब सोभावाचा हाय. ह्याचा काई तरास न्हाई." सगळ्यांना तो आवडायचा, कारण तो कुणाला काही सांगतच नव्हता. आठव्या दिवशी सकाळी तो तसाच बसलेला होता, फक्त मेलेला. ख्वाजा म्हणाला, गार वारं लागलं असंल. मला त्याची कीव आली आणि त्याचा रागही आला. मरायचंच होतं तर निदान एकदा फुसकारायचं होतंस.

गौसियानं त्याला उचलून ओढ्याकाठी पुरलं. परत येऊन ती गाठी बांधायला बसली, पण त्या दिवशी तिचा हात चालेना. ओढ्यात धुतलेले ओले हात तिनं झटकले, तर चार थेंब माझ्या पानावर पडले. मी झेप घेतल्यासारखी पुढं गेले आणि थेंब चाटले. तिनं पुन्हा झटकले. मी पुन्हा प्याले. मग ती उठून ओंजळीनं स्वच्छ पाणी आणून शिंपडू लागली, आणि मी पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक करून पाहिलं. कापडाचा एक जाड धडपा घेतला आणि पिंजऱ्यात मधोमध असा टांगला, की मला बाकीचे दोघं दिसेनात. मी अंग सैल सोडलं. कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीवर हिरवं आलं. गौसिया पुढं वाकून बघत राहिली.

ख्वाजा आला आणि ओरडलाच. "हे काय केलंस? रंग उतरला की समदा!"

"भाई, तो शांत झाला."

"शांत झाला अन् माझी चंद्रकळा?" त्यानं धडपा ओढून काढला. मी काळी झाले. "हां, आता कसं!" म्हणत तो रांजणाकडं गेला.

"भाई, तो खुश न्हाई," गौसिया त्याच्या पाठीला म्हणाली.

"तुला काय सांगितलं त्यानं?"

गौसियानं पुढची गाठ आवळली. मी तर तिन्ही त्रिकाळ अंगभर लिहून सांगत होते, पण त्या घरात एकीलाच वाचता येत होतं, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

इकडं माझे दिवस भरत आले. पोट इतकं जड झालं की फांदी धरवेना. एका सकाळी मी खाली उतरले आणि तळ उकरू लागले. कामट्या होत्या. दुसरीकडं उकरलं, तिथंही कामट्या. मी थांबले नाही. नखं फुटली, बोटांतून रक्त आलं, तरी उकरत राहिले. ख्वाजानं आसारामला हाक मारून दाखवलं, "बघ बे, नाचतोय!" दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. मला माती मिळायला हवी होती आणि माझ्याकडं फार तर एक-दोन दिवस उरले होते.

त्याच दिवशी पाशा आला. टोपलीभर सीताफळं घेऊन आला, सासूला सलाम केला, बाजेवर बसला.

"झालं ते झालं, अम्मा," तो म्हणाला. "आता घेऊन जायला आलोय. एका घरात दोन भांडी असली की वाजायचीच. चार दिवस वाजतील, मग सवय हुईल."

अजमतबीनं पानाचा डबा पुढं ओढला. सुपारी कातरायला घेतली. ख्वाजा हात पुसत म्हणाला, "मी बी तेच म्हणतो. गाव इचारतंय, बहीण कावून घरी बसलीय? कितींदा सांगू मी? जा आता, गौसिया."

गौसिया मान खाली घालून गाठ बांधत होती. पाशाची नजर पिंजऱ्याकडं गेली.

"हे काय पाळलंय बे, ख्वाजा?"

"गिरगिट हायत. दोस्त हायत समदे. एकमेकाला बघून असे सजतेत."

पाशाला भलताच आनंद झाला. "बघ, गौसिया! हे बिनअकलेचं जनावर, तरी तिघं एका पिंजऱ्यात गुण्यागोविंदानं राहतेत. अन् रंग बघ कसा चढलाय! तू तर माणूस हायस."

तो हे बोलत होता तेव्हा मी तळाला होते. काळी ठिक्कर, फुटल्या नखांनी कामट्या ओरबाडत.

गौसियानं दोरा दातानं तोडला. लुगडं बाजूला ठेवलं. उठली. "रंग चढलाय म्हणता? थांबा. तुमाला रंगच दावते."

तिनं पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. मी तिला चावले. खोटं कशाला सांगू? हात म्हणजे हात, कुणाचा का असेना. तिच्या बोटातून रक्त आलं, पण तिनं मला सोडलं नाही. अंगणात डाळिंबाचं झाड होतं, त्याच्या फांदीवर नेऊन ठेवलं आणि पिंजऱ्यावर चादर टाकली.

"आता कुणी जवळ येऊ नका," ती म्हणाली. "बसा तिथंच अन् बघा."

"गौसिया, खुळी झालीस का?" ख्वाजा उठला.

"बस खाली," अजमतबी म्हणाली. तिनं पान लावलं आणि जावयाच्या हातात दिलं.

डाळिंबावर ऊन होतं, आणि दुसरं कुणी नव्हतं. मी एक डोळा वर फिरवला, एक खाली. कुणी नव्हतं. मला तुमच्यासाठी काही करून दाखवायचं नव्हतं, मी कुणाच्या तमाशातली नाही. पण अंग आपोआप सैल झालं. आधी ठिपके गेले. मग काळं पाठीवरून पोटाकडं ओसरत गेलं, आणि पाशाचं पान चघळून व्हायच्या आत मी पानासारखी हिरवी झाले. ख्वाजा आ वासून बघत होता. रंगाऱ्याची जात, रंग उतरलेला त्याला कळतोच.

"ह्याला खुशी म्हणतेत," गौसिया म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "पिंजऱ्यात व्हता तो राग व्हता, भाई. समदा राग. अन् त्या लहानग्याला राग बी करता येत नव्हता, म्हणून त्ये मेलं." मग ती पाशाकडं वळली. "तुमी म्हणता सवय हुईल. त्याला झालती की सवय. आठव्या दिवशी."

पाशानं पान थुंकलं. "म्हंजी तू येणार न्हाईस?"

"न्हाई."

"इचार करून सांग."

"वरीसभर इचारच केला. न्हाई येणार."

"मंग बस हितंच, सरड्याला चंद्रकळा नेसवत!" तो उठला आणि निघाला. जाताना सीताफळांची टोपली मात्र आठवणीनं परत उचलून नेली.

ख्वाजा काही बोलणार, तेवढ्यात मी डाळिंबावरून खाली उतरले आणि अंगण उकरू लागले. वर्षानुवर्षं सारवलेलं, रंगाचं पाणी पिऊन दगड झालेलं अंगण. माझी शक्ती संपत आली होती. अजमतबी काठी टेकत जवळ आली, वाकली, आणि मला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिनं केली होती.

"या अल्ला," ती म्हणाली. "हा कसला तो, ही तर गाभण हाय! वेळ भरलीय तिची. गौसिया, ने तिला. जिथून आणली तिथं ने. पळ!"

गौसियानं हाताशी होतं तेच कापड घेतलं, केशरबाईंचं पिवळं लुगडं, अर्ध्या गाठींचं. त्यात मला गुंडाळलं आणि ती ओढा ओलांडून वावरातून पळत सुटली. आसारामच्या बांधावर तिनं मला मातीवर ठेवलं आणि लांब जाऊन पाठमोरी बसली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

काळी माती, वरून सुकलेली, आत ओल धरून. मी खणायला लागले. दुपार झाली, कलली. फुटलेल्या नखांनी काम भराभर होईना. दोनदा वाटलं, आता पुरे, इथंच पडावं. मग वाटलं, पिंजऱ्यात मेले नाही ती इथं मोकळ्यावर मरू? आणि पुन्हा खणायला लागले. मी डोक्यासकट आत मावेन एवढं बीळ झालं तेव्हा मी उलटी फिरले आणि अंडी घातली. किती ते मोजलं नाही. मग माती लोटली, पायांनी दाबली, वरून काटक्या ओढल्या. तिथं काही आहे असं मलाही ओळखू येणार नाही इतकं नीट केलं. पोट रिकामं झालं, आणि मी जिवंत होते.

उन्हं उतरताना ख्वाजा बांधावर आला. बहिणीपासून थोडं अंतर ठेवून बसला.

"ते दोघं सोडले," तो म्हणाला. "एक ओढ्याच्या अल्याड, एक पल्याड."

"बरं केलंस."

त्यानं आपले निळे हात उलटसुलट करून बघितले. "मंग मी रंगवतोय काय ते? राग?"

"राग."

"अन् नव्या नवरीला राग नेसवायचा? पैल्या संक्रांतीला?"

"लागतो, भाई, थोडा," गौसिया म्हणाली. "घडी घालून ट्रंकेत ठेवंल. लागला की काढंल."

ख्वाजाला हसू आलं, आणि ते त्यानं लपवलं. मग घसा साफ करून म्हणाला, "अम्मा इचारतीय, तुजी चूल कुठं मांडायची. रांजणाच्या बाजूला का डाळिंबाखाली?"

"येगळी?"

"येगळीच की. कोण म्हणलं एकत्र?"

केशरबाईंच्या लुगड्याला लागलेली माती गौसियानं झटकली. मग म्हणाली, डाळिंबाखाली.

ही झाली माझी हकिगत. चंद्रकळा वेळेवर तयार झाली; वडवणीला ती सगळ्यांना पसंत पडली म्हणे. मी आता थकलेय. दोन नखं पुन्हा आली नाहीत, शेपूट जिथं दांडग्यानं धरली होती तिथं वाकडी राहिली. हा हिवाळा निघेल की नाही, ठाऊक नाही. पण तुमच्याकडं मी दया मागायला आलेली नाही. दयेनंच मला जोडीदार आणून दिला होता. एवढंच सांगते: तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात गप्प बसलं असेल, तर गरीब स्वभावाचं आहे म्हणून त्याचं कौतुक करू नका. आणि कुणी काळंनिळं होऊन फुसकारत असेल, तर त्याला सवय लावायला जाऊ नका. ते जिवंत आहे, आणि तुम्हाला काहीतरी सांगतंय.

परवा गौसिया या बांधावर सरपण गोळा करायला आली होती. मी फांदीवर ऊन खात होते. बोटावरचा माझ्या दातांचा वण अजून गेला नव्हता. तिनं मला शोधून काढलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि गावातल्या बाया तिला रोज जे विचारतात तेच तिनं मला विचारलं.

"काय गं, एकलीला भ्या वाटत न्हाई तुला?"

मी एक डोळा तिच्याकडं वळवला. दुसऱ्या डोळ्याला खालच्या फांदीवर टोळ दिसला होता. मी टोळ घेतला. गौसिया तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग तिनं भारा डोक्यावर घेतला आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून आपल्या चुलीकडं निघून गेली.